गॉर्ट, कूल पार्क आणि येट्सची गढी: जाण्याआधी पडणारे प्रश्न

आयर्लंडच्या पश्चिमेला, गॉल्वे परगण्याच्या दक्षिण टोकाला गॉर्ट नावाचं छोटं बाजाराचं गाव आहे. डब्लिन, गॉल्वे, क्लिफ्स ऑफ मोहर असा ठरलेला फेरा मारणारे बहुतेक जण मोटरवेवरून त्याला वळसा घालून पुढे जातात. पण आधुनिक आयरिश साहित्याचा आणि रंगभूमीचा पाया या गावाच्या आसपासच्या सात-आठ किलोमीटरांत घातला गेला, असं म्हटलं तर ती अतिशयोक्ती होणार नाही. आयर्लंडमध्ये नोकरी-शिक्षणासाठी असलेली मराठी मंडळी आणि भारतातून तिकडे फिरायला जाणारे वाचक वरचेवर जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

गॉर्टलाच का जायचं? येट्स तर स्लायगोचा ना?

आयरिश कवी डब्ल्यू. बी. येट्सचं आजोळ वायव्येकडच्या स्लायगोचं, आणि त्याची कबरही तिथेच ड्रमक्लिफला आहे. पण त्याच्या उमेदीच्या वर्षांतले उन्हाळे गॉर्टजवळच्या कूल पार्कमध्ये, म्हणजे ग्रेगरी घराण्याच्या जहागिरीत, गेले आणि त्याने आयुष्यात विकत घेतलेली पहिली वास्तूही इथलीच. तरीही मी म्हणेन, इथे येट्ससाठी येऊ नका, लेडी ग्रेगरीसाठी या. येट्स आपोआप भेटेल.

लेडी ग्रेगरी म्हणजे ऑगस्टा ग्रेगरी (१८५२–१९३२), जवळच्याच रॉक्सबरो इथल्या पर्स या जमीनदार घराण्यातली मुलगी. १८८० मध्ये तिचं लग्न कूलच्या सर विल्यम ग्रेगरींशी झालं. ते तिच्यापेक्षा पस्तीस वर्षांनी मोठे होते. १८९२ मध्ये ते वारले. चाळिशीत विधवा झालेल्या या बाईने पुढे आयरिश भाषा शिकून घेतली, कूललगतच्या किलटार्टनच्या झोपड्यांतून आणि वर्कहाउसमधून, म्हणजे सरकारी गरीबखान्यातून, फिरून म्हाताऱ्या माणसांकडून कथा-गाणी उतरवून घेतली, आणि त्या माणसांच्या बोलीतल्या इंग्रजीत पुराणकथा आणि नाटकं लिहिली. २७ डिसेंबर १९०४ ला डब्लिनचं ॲबी थिएटर उघडलं, त्या रात्रीच्या नाटकांत एक तिचं होतं. नाटकं लिहिणं, नटांची भांडणं मिटवणं, पैसा उभा करणं, सेन्सॉरशी झुंजणं, सगळं तिने केलं. इतकं करूनही पर्यटकांच्या माहितीपत्रकांत तिचा उल्लेख बहुधा ‘येट्सची आश्रयदाती’ एवढाच असतो. कूलला गेल्यावर तो अन्याय नीट कळतो.

काय काय बघण्यासारखं आहे आणि कुठलं किती लांब?

गॉर्टच्या चौकातून निघालात तर कूल पार्क उत्तरेला जेमतेम तीन किलोमीटर. त्याच रस्त्याने थोडं पुढे किलटार्टनचा फाटा, तिथे जुन्या शाळेत किलटार्टन ग्रेगरी म्युझियम आहे. येट्सची गढी, म्हणजे थूर बॅलिली, ईशान्येला सहा-सात किलोमीटर. नैऋत्येला साधारण पाच किलोमीटरवर किलमॅकडुआचे मठ. किनव्हारा हे समुद्रकाठचं गाव आणि तिथला डनग्वायर किल्ला थोडा लांब, पण गाडीने अर्ध्या तासाच्या आत.

कूलचा वाडाच उरलेला नाही म्हणतात. मग तिथे बघायचं काय?

खरं आहे. १९२७ मध्ये मालमत्ता सरकारकडे गेली, लेडी ग्रेगरी भाडं भरून मरेपर्यंत तिथे राहिली, आणि १९४१ मध्ये वाडा पाडला गेला. आज फक्त जोतं दिसतं. आपल्याकडे पडक्या वाड्यांची जोती पाहिलेल्या माणसाला ते दृश्य ओळखीचं वाटेल.

पण बाग आणि झाडी शाबूत आहे. भिंतीने वेढलेल्या बागेत तांबूस पानांचा एक मोठा बीच वृक्ष आहे. लेडी ग्रेगरी पाहुण्यांना त्याच्या खोडावर आपली आद्याक्षरं कोरायला लावायची. येट्स, बर्नार्ड शॉ, जॉन सिंग, शॉन ओ’केसी, डग्लस हाइड, जॉर्ज रसेल, चित्रकार ऑगस्टस जॉन, येट्सचा भाऊ जॅक, सगळे त्या एका खोडावर आहेत. यातल्या येट्सला १९२३ चं आणि शॉला १९२५ चं नोबेल मिळालं, आणि हाइड पुढे देशाचा पहिला राष्ट्राध्यक्ष झाला. झाडाची साल वाढत गेली तशी अक्षरं ताणली, फुगली, काही तर मिटत चालली आहेत. शॉचं ‘जी. बी. एस.’ मात्र अजून ठसठशीत दिसतं. झाडाभोवती कठडा आहे, त्यामुळे अक्षरं वाचायला वेळ द्यावा लागतो. बाजूच्या फलकावर कोणती सही कुठे आहे त्याचा नकाशा आहे, तो आधी बघून घ्या.

मग तळ्याकडे जाणारी वाट धरा. सात रानांतून फिरणारी खुणा केलेली पायवाट सुमारे साडेचार किलोमीटरची आहे, लहान फेरीही आहे. पार्कात प्रवेश मोफत आहे. जुन्या तबेल्यांच्या जागी माहिती केंद्र आणि चहाचं ठिकाण आहे.

ते हंस अजून येतात का?

येतात. येट्सची कूलच्या हंसांवरची कविता १९१६ च्या शरदातली, आणि तिच्यात हंस मोजलेले आहेत: एकोणसाठ. आइसलंडहून येणारे हूपर हंस ऑक्टोबरपासून वसंतापर्यंत इथे मुक्काम करतात. उन्हाळ्यात जाणाऱ्यांना हंस कदाचित दिसणारही नाहीत, आणि तळंही आकसलेलं असेल.

हे तळं साधं नाही. या भागात जमिनीखाली चुनखडीचा खडक आहे, भेगाळलेला आणि पोकळ. पाणी वरून वाहण्याऐवजी खडकात शिरतं. पावसाळी दिवसांत भूजल वर चढलं की खड्ड्यांतून उलटं पाणी येऊन कुरणांची तळी होतात, आणि कोरडे आठवडे आले की तीच तळी जिथून आली तिथे मुरतात. अशा तळ्यांना तिथे टर्लॉख म्हणतात. गॉर्टची नदीसुद्धा अशीच. लॉख कट्रा या सरोवरातून निघते, थोडं वाहून जमिनीत गडप होते, पुन्हा वर येते, गॉर्टमधून जाते, परत गडप होते, आणि कूलपर्यंत येऊन जी बुडते ती थेट किनव्हाराच्या किनाऱ्याशी समुद्रात झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. येट्सने आपल्या एका उत्तरकालीन कवितेत आपल्या गढीच्या खिडकीखालच्या प्रवाहाचा कूलच्या तळ्यापर्यंतचा असाच भुयारी प्रवास वर्णिला आहे. भूगोल माहीत असेल तर ती कविता एकदम स्वच्छ होते.

थूर बॅलिली आतून बघता येते का? केव्हा उघडी असते?

उन्हाळ्यातच, आणि तीही स्वयंसेवकांच्या बळावर. कारण वर सांगितलेलं पाणीच आहे. गढी ओढ्याला अगदी चिकटून उभी आहे. २००९ च्या शेवटी आलेल्या पुराने तळमजला बुडाला आणि ती कित्येक वर्षं बंद राहिली. स्थानिक मंडळींनी पैसे उभे करून जून २०१५ मध्ये, येट्सच्या दीडशेव्या जयंतीला, ती पुन्हा उघडली, आणि त्याच हिवाळ्यात पुन्हा पाणी शिरलं. त्यांनी परत साफसफाई केली. म्हणून निघण्याआधी त्यांच्या संकेतस्थळावर दिवस आणि वेळ बघूनच जा, आणि तिथल्या पेटीत चार युरो जास्तीचे टाका. असली कामं अशाच पैशांवर चालतात.

मध्ययुगीन नॉर्मन बांधणीची ही चार मजली गढी. दर मजल्यावर एकच खोली, आणि जाडजूड भिंतीच्या पोटातून वर जाणारा अरुंद दगडी चक्री जिना. येट्सने ती १९१७ मध्ये पस्तीस पौंडांना घेतली. त्याच वर्षी त्याचं जॉर्ज हाइड-लीजशी लग्न झालं, आणि १९२० च्या दशकातले बरेच उन्हाळे दोन लहान मुलांसह हे कुटुंब इथे राहिलं. त्याचे १९२८ आणि १९३३ चे दोन महत्त्वाचे कवितासंग्रह या वास्तूची नावं धारण करतात: एक मनोऱ्याचं, दुसरं जिन्याचं.

भिंतीवर एक शिलालेख आहे, तो चुकवू नका. सहा ओळींत येट्स म्हणतो की जुन्या गिरणीच्या फळ्या, समुद्री हिरव्या रंगाची स्लेटची कौलं आणि गॉर्टच्या लोहारशाळेतलं लोखंडकाम वापरून मी ही गढी माझ्या बायकोसाठी, जॉर्जसाठी, दुरुस्त केली, आणि पुन्हा सगळं मोडकळीला येईल तेव्हाही ही अक्षरं राहोत. गावच्या लोहाराला कवितेत असं मानाचं पान फार कवींनी वाढलेलं नाही.

आयर्लंडच्या यादवी युद्धात गढीजवळचा पूल उडवला होता, तो हाच का?

हाच. ऑगस्ट १९२२ मध्ये रात्री प्रजासत्ताकवाद्यांनी, म्हणजे ब्रिटनशी झालेला करार अमान्य असलेल्या बाजूच्या माणसांनी, दार वाजवलं, पूल उडवणार आहोत, घराबाहेर पडू नका म्हणून सांगितलं, आणि काम उरकल्यावर ‘गुड नाइट, थँक्यू’ म्हणून गेले. जणू पूल येट्सनेच त्यांना देऊन टाकला होता, असं त्याने लिहून ठेवलं आहे. आजचा पूल अर्थातच नंतर बांधलेला आहे.

ग्रेगरी घराण्याचा भारताशी काही संबंध होता असं वाचलं. खरं का?

अगदी खरं, आणि मराठी वाचकाने हे लक्षात ठेवून कूलच्या जोत्यापाशी उभं राहावं. या घराण्यातले रॉबर्ट ग्रेगरी ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीत बंगालमध्ये गबर झाले आणि त्या पैशातून त्यांनी १७६८ मध्ये कूलची जमीन घेतली. पुढे ते कंपनीचे अध्यक्षही झाले. वाड्याचा पाया असा आपल्याकडच्या पैशावर उभा आहे. लेडी ग्रेगरीचे यजमान सर विल्यम १८७२ ते १८७७ सिलोनचे गव्हर्नर होते. कोलंबोचं राष्ट्रीय संग्रहालय त्यांच्या कारकिर्दीतलं आणि त्याच्या समोर त्यांचा पुतळा आहे.

याच सर विल्यमचं नाव आयर्लंडमध्ये आणखी एका गोष्टीसाठी घेतलं जातं, आणि ते शिव्या घालत. १८४७ मध्ये, बटाट्याच्या महादुष्काळाच्या ऐन भरात, खासदार म्हणून त्यांनी मदत-कायद्यात एक कलम घालून घेतलं: पाव एकराहून, म्हणजे दहा गुंठ्यांहून, जास्त जमीन कसणाऱ्या कुळाला सरकारी मदत मिळणार नाही. पोरांच्या तोंडात घास घालायचा तर जमीन सोडायची, आणि जमीन सोडली की घरही गेलं. लाखो माणसं देशोधडीला लागली त्यात या ‘ग्रेगरी कलमा’चा मोठा हात होता. त्याच माणसाची विधवा पुढे त्याच कुळांच्या कथा वहीत उतरवत फिरली. दोन्ही गोष्टी एकाच घरातल्या आहेत. माहिती केंद्रात फक्त दुसरी मनात घेऊन फिरू नका.

येट्स आणि महाराष्ट्र असं काही आहे का?

आहे, आणि ते आपल्याकडे फारसं कुणाला ठाऊक नाही. टागोरांच्या गीतांजलीला येट्सने प्रस्तावना लिहिली आणि ॲबी थिएटरने १९१३ मध्ये टागोरांचं ‘डाकघर’ केलं, हे माहीत असतं. पण येट्सच्या अखेरच्या दशकातला भारतीय सोबती होता अमरावतीजवळच्या बडनेऱ्यात १८८२ मध्ये जन्मलेला श्री पुरोहित स्वामी. त्याच्या आत्मचरित्राला येट्सने प्रस्तावना लिहिली. त्याचे गुरू भगवान श्री हंस यांनी मराठीत लिहिलेलं कैलास-मानस यात्रेचं वर्णन पुरोहित स्वामीने इंग्रजीत आणलं, १९३४ मध्ये, आणि त्यालाही प्रस्तावना येट्सचीच. पुढे दोघांनी मिळून दहा प्रमुख उपनिषदांचा इंग्रजी अनुवाद केला, तो १९३७ मध्ये आला. मात्र तोवर येट्सने गढीतलं राहणं सोडलं होतं, त्यामुळे स्वामींच्या खुणा तिथे शोधू नका.

किलटार्टनला थांबावं का, की पुढे जावं?

जरूर थांबा. लाल विटांची छोटी शाळा, लेडी ग्रेगरीच्या भावाने आराखडा केलेली. आत ग्रेगरी कुटुंबाच्या वस्तू, पत्रं, पहिल्या आवृत्त्या, आणि एक वर्गखोली जुन्या काळासारखी मांडलेली.

फाट्यावर उभं राहून दोन मृत्यू आठवावेत. लेडी ग्रेगरीचा एकुलता मुलगा रॉबर्ट ब्रिटिश वैमानिक होता, तो २३ जानेवारी १९१८ ला इटलीत पडला. आयरिश वैमानिकावरची येट्सची प्रसिद्ध कविता त्याची, आणि तिच्यात तो म्हणतो की माझा देश म्हणजे किलटार्टनचा फाटा आणि माझे देशबांधव म्हणजे किलटार्टनचे गरीब. त्यानंतर तीन वर्षंही झाली नव्हती. नोव्हेंबर १९२० मध्ये, आयरिश स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना, याच किलटार्टनला, लॉरीतून जाणाऱ्या ब्रिटिश दलाच्या माणसांनी झाडलेल्या गोळीने, आपल्या दाराशी तान्ह्याला घेऊन बसलेली एलेन क्विन नावाची गरोदर बाई मेली. लेडी ग्रेगरीने रोजनिशीत ते नोंदवलं. येट्सने मेलेल्या रॉबर्टला उद्देशून एक जळजळीत कविता लिहिली. आईला ती सहन झाली नाही, आणि तिच्यासाठी ती येट्सच्या हयातीत छापली गेली नाही.

किलमॅकडुआचा मनोरा खरंच कललेला आहे का?

हो, नुसत्या डोळ्यांना दिसतो. उंची सुमारे ३४ मीटर, आयर्लंडमधल्या गोल मनोऱ्यांत सर्वांत उंच, आणि माथा ओळंब्यापासून अर्ध्या मीटरहून जास्त सरकलेला. दार जमिनीपासून सात-आठ मीटर वर आहे, म्हणजे शिडीशिवाय चढायची सोयच नाही. भोवती छप्पर नसलेलं कॅथेड्रल, लहान देवळं आणि अजून वापरात असलेली दफनभूमी.

संत कोलमनने सातव्या शतकाच्या सुरुवातीला इथे मठ स्थापला. जमीन दिली ग्वायर राजाने, ज्याच्या दातृत्वाच्या कथा अजून सांगतात. आख्यायिका अशी की कोलमनचा कमरपट्टा जिथे गळून पडला तिथे मठ बांधला. कोलमनबद्दलची मला आवडणारी गोष्ट वेगळी. रानात तप करताना त्याचे तीन सोबती होते: प्रार्थनेला उठवणारा कोंबडा, डुलकी लागली की कान कुरतडणारा उंदीर, आणि वाचन थांबलं की त्या ओळीवर बसून राहणारी माशी. मुलं बरोबर असतील तर ही गोष्ट तिथेच सांगा. प्रवेशाला तिकीट नाही.

गाडी नसेल तर जमेल का?

अर्धं जमेल. गॉल्वे–लिमरिक रेल्वेवर गॉर्ट स्टेशन आहे, ही सेवा २०१० मध्ये पुन्हा सुरू झाली. गॉल्वे–कॉर्क मार्गाची ५१ नंबरची बसही गॉर्टला थांबते. कूलला पायी जाता येतं. गढी आणि किलमॅकडुआसाठी सायकल किंवा गावातली टॅक्सी. रस्ते अरुंद आहेत, दोन्ही बाजूंना दगडी कुंपणं, आणि फुटपाथ नाहीत. भडक रंगाचं जॅकेट घाला. गाडी भाड्याने घेणार असाल तर तिथेही आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालवायची असते, तेवढा एक त्रास कमी.

व्हिसा शेंगेनचा चालतो का?

नाही. आयर्लंड शेंगेनमध्ये नाही, वेगळा व्हिसा लागतो. भारतीय नागरिकांसाठी ब्रिटन आणि आयर्लंडची संयुक्त योजना आहे, तिचा शिक्का असलेल्या ठराविक व्हिसावर दोन्हीकडे जाता येतं. नियम बदलत असतात, अर्ज करताना दूतावासाच्या संकेतस्थळावरचेच वाचा.

शाकाहारी माणसाचं काय?

उपाशी राहणार नाही. ब्राऊन ब्रेड, भाज्यांचं सूप, बटाटे सगळीकडे. फक्त सूप कोंबडीच्या पाण्यात केलंय का ते विचारा. गॉर्टमध्ये गेल्या पंचवीसेक वर्षांत मांसप्रक्रिया कारखान्यांच्या कामासाठी आलेला मोठा ब्राझिलियन समाज आहे, त्यांच्या दुकानांत काळ्या घेवड्यापासून आंब्याच्या रसापर्यंत बरंच काही सापडतं.

एकच दिवस असेल तर क्रम कसा लावू?

सकाळी किलटार्टनची शाळा, म्हणजे माणसं ओळखीची होतात. मग कूल, तीन तास तरी. जेवण तिथेच. दुपारी थूर बॅलिली. उन्हाळ्यात उजेड रात्री नऊ-साडेनऊपर्यंत असतो, म्हणून किलमॅकडुआ शेवटी ठेवा, तिथे दार-कुलूप नाही. सप्टेंबरअखेरीस जाणं जमलं तर कूलला लेडी ग्रेगरी आणि येट्स यांच्यावर शरद संमेलन भरतं, तारखा आधी पाहून घ्या.

लेडी ग्रेगरीची समाधी कूलमध्ये कुठे आहे?

कूलमध्ये नाहीच. ती गॉल्वे शहरात बोहरमोर इथल्या दफनभूमीत आहे, साधी, बहिणीच्या शेजारी. गॉल्वे बसस्टँडवरून चालत पंधरा-वीस मिनिटं लागतात. गॉर्टला जाताना किंवा येताना तेवढा वेळ काढून ठेवा.